मुळांचं जेवण

“पहिला माझा फेरा गं, वडाच्या बुडाला,
सूत नको तुटू बाई, जीव टांगला सुताला.”

ऊर्मिलामावशीचा हा आवाज शोभनाच्या कानात पंचावन्न वर्षं जसाच्या तसा राहिला होता. जरा बसका, ओळीच्या शेवटी वर चढून तिथेच थबकणारा. तासगावच्या बाहेर ओढ्याकाठी वड होता. शोभना आठ-नऊ वर्षांची, मावशीचं पूजेचं ताट धरून उभी. मावशी गात फिरत होती, आणि पाचव्या फेऱ्याला सूत तुटलं. बायका हसल्या. गाठ मार नि चल पुढं, म्हणाल्या. मावशीने गाठ मारली, फेरेही पुरे केले, पण पुढची ओळ काही तिच्या तोंडून आली नाही. त्या दिवाळीत मावशीचे यजमान, शोभनाचे काका, गेले. सुताचा आणि काकांचा संबंध घरात कुणी कधी जोडला नाही. कुणी बोललं नाही, म्हणूनच तो शोभनाच्या मनात रुतून बसला.

आता शोभना चौसष्ट वर्षांची होती. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या बाहेर, दक्षिणेला उतरणाऱ्या माळावर, एप्रिलअखेरच्या एका मंगळवारी ती ओल्या गवतात गुडघे टेकून बसली होती, आणि तिच्यासमोर सफरचंदाचं झाड मरत होतं.

इकडचे लोक अशा जागेला श्ट्यूकले म्हणतात. म्हणजे गवताचा एक तुकडा, चार-सहा फळझाडं, अवजारांची लाकडी खोली आणि बसायला बाक. नागेशने, तिच्या नवऱ्याने, हा तुकडा नऊ वर्षांपूर्वी घेतला आणि पहिलं झाड लावलं ते हे, बॉस्कोप जातीचं. आजूबाजूची झाडं फुलांनी नुसती लगडली होती. या झाडाला चार फिकी फुलं आली, पानं उंदराच्या कानाएवढी झाली आणि तिथेच थांबली. शोभनाने खोडाला हात लावून जरा ढकललं, तर ते दुधाच्या दातासारखं हललं.

नागेश म्हणायचा, व्यूलमाऊस. जमिनीखालचे उंदीर मुळं खातायत, दुसरं काही नाही. त्याने तीन सापळे पुरले होते. एकाही सापळ्यात आजवर उंदीर सापडला नव्हता.

शोभनाने बुंध्याशी माजलेलं गवत दोन्ही हातांनी बाजूला सारलं. तिथे बांधलेली तार आता कुठे दिसतच नव्हती. वीतभर उंचीवर खोडाभोवती खोल आडव्या खाचा होत्या, त्यांच्या तळाशी कुठे कुठे हिरवं प्लास्टिक चमकत होतं, आणि खाचांच्या वर खोड असं सुजलं होतं, जसं अंगठी अडकलेलं बोट सुजावं. खाली मात्र ते होतं तेवढंच राहिलं होतं, बारीक आणि सुरकुतलेलं. तिने बोटांनी मोजलं. एक, दोन, तीन… सात. मोजायची काही गरज नव्हती. फेरे तिनेच घातले होते.

जर्मनीत वड कुठला? पहिली वीस-पंचवीस वर्षं ती वटपौर्णिमेला स्वयंपाकघरात कागदावर वड काढायची आणि त्यालाच सूत गुंडाळायची. नागेश हसायचा. इथे चांगल्यात चांगल्या मशीनला दोन वर्षांची गॅरंटी मिळते, म्हणायचा, आणि तू सात जन्मांची मागतेस, तीसुद्धा वापरलेल्या मालाची. त्याने आयुष्यभर गाड्यांच्या गिअरबॉक्सची चाचणी केली होती. जे मोजता येत नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच. श्ट्यूकले घेतल्यावर शोभनाने कागद सोडला आणि झाड धरलं. साडी, पायात स्पोर्ट्स शूज, हातात सुताची गुंडी. नागेश बाकावर बसून फोटो काढायचा आणि मुलीला पाठवायचा.

आणि मग ते कोरोनाचं वर्ष आलं. एप्रिलमध्ये नागेशला नेलं, नळी घातली, झोपवून ठेवलं. सात आठवडे. भेटायची परवानगी नाही. रोज दुपारी एक नर्स फोन करायची आणि एकच शब्द सांगायची, स्थिर. शोभनाला घरात बसवेना, म्हणून ती रोज माळावर यायची. वटपौर्णिमा आली तेव्हा घरात सूत नव्हतं, भारतातून येणारी पार्सलं बंद होती. स्वयंपाकघरातला जाड दोरा घेऊन ती झाडाशी आली. तिसऱ्या फेऱ्याला दोरा तुटला.

ती तिथेच उभी राहिली. वारा नव्हता, हिसका बसला नव्हता, तरी तुटला. मग अवजारांच्या खोलीत जाऊन तिने वेली बांधायची हिरवी तार आणली. सात फेरे घातले, घट्ट, एकाला लागून एक. टोकं पकडीने पिळली, चार आटे देऊन, नागेशला पिळताना पाहिलं होतं तशी. जा म्हणाली, आता तूट बघू.

दुसऱ्या दिवशी नर्स वेगळा शब्द बोलली. त्याने डोळे उघडले होते.

ती तार मग कशी काढायची? नागेश चाकाच्या खुर्चीतून घरी आला, पुढे काठीवर आला, पुढे नुसत्या पायांनी चालू लागला. शोभना दरवर्षी वरच्या बाजूला सुती दोरा गुंडाळायची, आणि खाली, गवताआड, तार तशीच. झाडाला त्याने काही होईल असं तिला वाटलंच नाही. खोड एवढं जाड, जे काय चालायचं ते आत गाभ्यात चालत असेल. साल म्हणजे काय, अंगावरचा कोट.

पण या फेब्रुवारीपासून नागेशचा खोकला परत आला होता, आणि हातात काठीही. फुप्फुसातले जुने व्रण पसरतायत, डॉक्टर म्हणाले, मे महिन्यात पुन्हा छातीचा फोटो काढून बघू. जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबायचा आणि खिडकीतून काहीतरी बघतोय असं दाखवायचा. आणि इकडे झाड हलत होतं. दोन्ही एकदम.

शोभनाने तिथूनच कौमुदीला फोन लावला. कौमुदी, त्यांची एकुलती मुलगी, बॉनच्या विद्यापीठात झाडांवर संशोधन करायची. पाहुण्यांना नागेश सांगायचा, आमची कन्या माव्याचं नाक कापते आणि सरकार त्याचा पगार देतं. ते खोटंही नव्हतं. मावा म्हणजे तो पानांवरचा बारीक किडा. तो सालीत सोंड खुपसतो, आणि कौमुदी ती सोंड लेझरने कापते. किडा निघून जातो, सोंड राहते, आणि तिच्या टोकाला झाडाचा गोड रस थेंब थेंब येत राहतो, तासन्‌तास, शोषणारं कुणी नसताना. आत इतका दाब असतो.

शोभनाने तिला तारेचं, सुजेचं, खाचांचं सगळं सांगितलं. फक्त कुणी बांधली ते सोडून. कौमुदीने आईला समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश. झाडात दोन वाटा असतात. लाकडातून पाणी वर चढतं, मातीतलं मीठ-क्षार घेऊन. ती वाट आत आहे, तिला तारेने फारसं काही होत नाही, म्हणून झाड वर्षानुवर्षं हिरवं दिसतं. पण पानं उन्हात जी साखर शिजवतात, ती खाली येते ती सालीच्या आतल्या पापुद्र्यातून. पुठ्ठ्याएवढा जाड तो थर, बस. तारेने तोच आवळला.

“आई, आपल्याला वाटतं झाड मुळांनी खातं,” कौमुदी म्हणाली. “मुळं फक्त पाणी पाठवतात गं. त्यांचं जेवण वरून येतं. तुमच्या झाडाची मुळं पाच वर्षं उपाशी आहेत. साठवलेलं होतं ते खाऊन संपलं.”

शोभनाला गेल्या दोन सालांची सफरचंदं आठवली. बॉस्कोप म्हणजे आंबट, दात शिवशिवणारं. पण गेल्या दोन वर्षांत झाड फळांनी वाकलं होतं आणि फळं गुळासारखी गोड लागली होती. तिने पेट्या भरभरून वाटली होती. ती मुळांच्या तोंडची साखर होती तर. खाली जायला वाट नाही, म्हणून वरच साचलेली.

बांधली कुणी पण, कौमुदीने विचारलं. शोभना म्हणाली, कुणास ठाऊक, आधीच्या मालकाने असेल. पण आधीच्या मालकाच्या वेळी हे झाडच नव्हतं. कौमुदीच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती एवढंच म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, आणि पुढे बोलू लागली. एक उपाय होता. पूल बांधायचे. हिवाळ्यात कापून ठेवलेल्या झोपलेल्या, म्हणजे अजून कोंब न फुटलेल्या, काड्या घ्यायच्या, एक टोक जखमेच्या खालच्या सालीत खोचायचं, दुसरं वरच्या सालीत. लागल्या तर रस त्या काड्यांमधून खाली उतरतो. लागल्या तर. साल लाकडापासून सहज सुटते ते हेच दोन आठवडे. त्यानंतर नाही.

झोपलेल्या काड्या त्या माळावर एकाच माणसाकडे असणार होत्या. हेबरले, वय ब्याऐंशी, गावाने नेमलेला जुना झाडांचा जाणकार. त्यांच्या तळघरात ओल्या वाळूत काड्यांच्या जुड्या पुरलेल्या असत, प्रत्येकीवर चिठ्ठी. शोभना त्यांच्या दारात गेली तेव्हा तिच्या गुडघ्यांना चिखल होता आणि तोंडून जर्मन शब्द धड निघत नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शेजाऱ्याच्या कुत्र्याशी ते याहून जास्त बोलत असतील. गुरुवारी दहा वाजता, एवढंच म्हणाले.

गुरुवार सोयीचा होता. गुरुवारी सकाळी नागेश श्वासाच्या व्यायामाला जायचा, दुपारीच परत यायचा. त्याला कळायच्या आत सगळं उरकेल, असं शोभनाने ठरवलं. काय उरकेल, ते मात्र तिने मनाशीसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं. कारण दोन रात्री तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. तार ठेवली तर झाड जातं. झाड गेलं तर, ज्याच्यासाठी ते बांधलं तो… आणि तार कापली तर फेरे तुटतात. फेरे तुटले तर, ज्याच्यासाठी ते घातले तो… कुठूनही निघा, वाट त्याच दारात पोचत होती. दार बंद करायला तिच्याकडे काही नव्हतं. देवासमोर बसली तर मागावं काय तेच सुचेना. हात जोडलेले, आणि तोंड रिकामं.

गुरुवारी हेबरले आले ते टोपलीत ओलं फडकं, त्यात काड्या, चाकू, बारीक खिळे आणि मेण घेऊन. बुंध्यापाशी बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ खाचांवरून अंगठा फिरवत राहिले. हे पोराचं काम नाही, म्हणाले. फेरे एकसारखे आहेत, पीळ पक्का आहे, कुणीतरी फार मन लावून बांधलंय. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. शोभनाने गवताकडे पाहिलं. आल्झो, बरं तर, म्हणाले ते, आणि पुढे विचारलं नाही.

त्यांनी मुळांवरची माती हटवली, बुंध्याची साल खरवडली. खाली अजून हिरवं होतं, अगदी थोडं, नखाएवढं. आशा आहे असं ते म्हणाले नाहीत. अजून मेलेलं नाही, असं म्हणाले. मग त्यांनी चाकूने सुजेच्या कडा भराभर कापल्या, तार उघडी केली, खाली आणि वर सालीत उभ्या चिरा दिल्या. साल ओल्या कागदासारखी सुटली. आतून ओलसर पांढरं लाकूड दिसलं आणि शोभनाला उगाच झाडाची लाज राखावीशी वाटली.

मग हेबरलेंनी पकड तिच्यासमोर धरली. आधी तार. ती राहिली तर सूज वाढत जाईल आणि पूलही गिळेल. तुम्हीच कापा ना, शोभना म्हणाली. त्यांनी मान हलवली. जी तार मी बांधली नाही ती मी कापत नाही, म्हणाले, चाळीस वर्षांचा नियम आहे माझा. आणि लवकर करा. उघडी साल दहा मिनिटांत सुकते.

शोभनाने पकड घेतली. पात्यांमध्ये पहिला फेरा आला. नुसता पंजा दाबायचा होता. तिने दाबायला घेतलं आणि तिच्या कानात नागेशचा श्वास सुरू झाला, जिन्यावरचा, मधल्या पायरीवरचा. खूप जवळ. तिला वाटलं भास आहे. मग मागून काठी दगडावर वाजली.

नागेश फाटकात उभा होता. व्यायामाची बाई आजारी पडली होती, तास रद्द झाला होता, आणि घरी शोभना नाही म्हणून तो बसने माळापर्यंत आला होता आणि तिथून चढ चढून वर. त्याचे ओठ निळसर झाले होते. हेबरलेंनी उठून त्याला बाकाकडे हात दाखवला. तो बाकाकडे गेला नाही. झाडापाशी आला, उघड्या खोडाकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पकडीकडे पाहिलं.

“उंदीर नव्हते,” शोभना म्हणाली. “अहो, उंदीर नव्हते. कुणीतरी तार…”

आणि तिथे तिचा खोटेपणा संपला. तो आधीच्या मालकापर्यंत पोचलाच नाही. पकड हातात तशीच धरून ती बोलत सुटली, हेबरलेंना एक अक्षर कळणार नाही अशा तिच्या मराठीत, रडत नव्हती पण आवाज फाटला होता. त्या जूनमध्ये दोरा कसा तुटला, तार कुठून आणली, दुसऱ्या दिवशी नर्स काय म्हणाली. दरवर्षी काढायची म्हणून ती येत होती आणि गवत सारखं करून परत जात होती. सालीतून जेवण जातं हे तिला ठाऊक नव्हतं, खरंच नव्हतं, कोट वाटला तिला तो. तुम्हाला वाचवायला म्हणून मी याचा गळा आवळला, ती म्हणाली, आणि आता हे चाललंय, तुम्हीही खोकताय, आणि मला ही कापता येत नाही. कापली आणि तुम्हाला काही झालं तर? नाही कापली आणि झालं तर? सांगा ना, तुम्ही तर सगळं मोजता.

नागेश हसेल, असं तिला वाटलं होतं. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने काठी गवतात टाकली आणि झाडाला धरत धरत खाली बसला, तिच्या शेजारी, ओल्यातच. झाड त्याच्या हाताखाली हललं.

येट्स्ट ओडर नेट, हेबरले म्हणाले. आता, नाही तर नाहीच. आणि पाठ फिरवून ते टोपलीतल्या काड्या पुन्हा पुन्हा ओल्या करत बसले.

नागेशने तिच्या हातातून पकड काढून घेतली. त्याने पाती तारेला लावली, काढली, परत लावली. शोभना त्याच्या बोटांकडे बघत राहिली. तीस वर्षं ज्या बोटांनी पोलादाचे केसाएवढे फरक ओळखले, ती एवढीशी तार कापत नव्हती.

“कापत का नाही तुम्ही?” तिने विचारलं.

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग सातव्या फेऱ्यावर, पिळाच्या चार आट्यांवर अंगठा ठेवून, तिच्याकडे न बघता बोलला.

“हा पीळ माझा आहे, शोभना. तू माझा बघून घातलास, म्हणून मला ओळखता आला. एकवीस सालच्या ऑगस्टमध्ये गवत काढताना दिसला मला. तेव्हा तार नुसती टेकली होती, सालीत शिरली नव्हती. पकड खिशातच होती. एका मिनिटाचं काम होतं.” तो थांबला, खोकला, पुन्हा बोलू लागला. “साल म्हणजे कोट नसतो, ते मला ठाऊक होतं. कौमुदीचा प्रबंध मी दोनदा वाचलाय. झाडाचं काय होणार, कितव्या वर्षी होणार, सगळं ठाऊक होतं. पण पाती लावली की वाटायचं, ही तुटली तर परत ती नळी, परत ती झोप. मग गवत सारखं करायचो. उंदरांचे सापळे मी तुझ्यासाठी लावले गं, तू खाली बघू नयेस म्हणून. तुला हसत राहिलो, आणि दरवर्षी इथे बसून मनात एकच म्हणत राहिलो, झाड जाऊ दे, मला राहू दे.”